दर्याबाईसाहेबांची मळमळ आणि पाच घरांचा घास यांची बखर

श्रीअन्नपूर्णा प्रसन्न. जिच्या कृपेने खाल्ले ते अंगी लागते आणि जिच्या रुसण्याने गिळले ते माघारी येते, तिला आधी दंडवत, आणि मग वाचणारास रामराम. शके सोळाशे एकुणऐंशी, ईश्वरनाम संवत्सरे, आश्विन मासी एका दौलतीमध्ये जे थोर युद्ध जाहले त्याचे वर्तमान लिहितो, ते चित्त देवोन ऐकावे. दौलतीचे नाव विचारू नये. ज्यांस ठाऊक आहे त्यांस आहेच, आणि ज्यांस नाही त्यांचे त्यावाचून काही अडत नाही. हे युद्ध बुरुजावर जाहले नाही आणि खिंडीतही जाहले नाही, ते राणीवशातील एका पलंगावर रोज पहाटे होत असे, आणि दौलत राहते की जाते हे एका बाईच्या पोटात घास ठरतो की नाही यावर येवोन ठेपले होते. आम्ही त्या काळी देवडीवर बसोन लिहिणारे. निम्मे डोळ्यांनी पाहिले, निम्मे कानांनी ऐकिले, आणि ऐकिले तेही खरेच आहे, कारण त्या वाड्यात हळू बोलण्याची सवय कोणासही नव्हती.

तर गादीवर ते समयी राजश्री हैबतराजे होते. स्वारीत सर्वांपुढे, बोलण्यात थोडके, आणि राणीसाहेबांपुढे त्याहून थोडके. राणी दर्याबाईसाहेब वयाने विशीच्या, उंच, सावळ्या, आणि हसू लागल्या की सदरेवर ऐकू येई. लग्नास बरीच वर्षे लोटली होती आणि पाळणा हलला नव्हता, म्हणोन राजांच्या मातोश्री गोदूआऊसाहेब यांनी देवळांचे उंबरे झिजविले होते. ऐशात भाद्रपद सरता सरता राजवैद्य धुंडिराजशास्त्री यांनी नाडी पाहिली आणि बाईसाहेबांस दिवस राहिले ऐसे सांगितले, आणि मग काय विचारता! आऊसाहेबांनी गळ्यातील पुतळ्यांची माळ काढोन वैद्यांच्या हाती ठेविली, आणि हत्तीखान्यातील एकुलत्या एक म्हाताऱ्या हत्तीस गूळ चारिला, आणि पेठेत साखर वाटली. ती साखर देवडीपर्यंत पोचेतो संपली होती, परंतु आम्ही मनात काही धरिले नाही.

आता त्या दौलतीत एक चाल होती, तिला मानाचा घास म्हणत. ही चाल दुसऱ्या कोठे असल्याचे ऐकिवात नाही, आणि असूही नये. तिचे मूळ ऐसे. राजांच्या पणजीबाई गर्भार असता राज्य बुडाले आणि त्या रानोमाळ फिरत होत्या, ते समयी पाच घराण्यांनी आपापल्या चुलीवरचे अन्न त्यांस भरविले आणि पोटातल्या जिवासह त्यांस वाचविले. पुढे राज्य परत आले आणि तेव्हापासोन ठरले की राणीस दिवस राहिले म्हणजे पाचही मानकऱ्यांनी रोज पहाटे चौघडा वाजता आपल्या घरचे ताट घेवोन यावे, आणि राणीसाहेबांनी पडद्याआड बसोन प्रत्येक ताटातील एक घास घ्यावा, आणि मग जे मूल जन्मेल त्याचे पोटी आपला घास गेला म्हणोन त्यास पाचही घरांनी धनी मानावे. साऱ्या जगात चाकर धन्याचे मीठ खातो, येथे धनी जन्मण्याआधीच चाकराचे मीठ खात असे, याचा त्या घरांस भारी अभिमान. आणि ज्याच्या पोटी आपला घास गेला नाही त्याच्यासाठी घोडा काढणे नाही, ही त्याच चालीची दुसरी बाजू. ती बाजू कोणी उच्चारीत नसे, परंतु सर्वांस पाठ होती.

मानकऱ्यांत थोरले सुभानजी रणनवरे. एक हात लढाईत गेलेला, मिशा पांढऱ्या, आणि आवाज ऐसा की कुजबुजले तरी वेशीवर ऐकू यावे. त्यांच्या घरचा मान मटणाच्या रश्श्याचा, वर बोटभर तवंग. दुसरे पिराजी खडतरे, अंगाने काडी आणि मानापमानात सर्वांहून जड, त्यांच्या घरची तुपात बुडालेली लापशी. तिसऱ्या घरचे लसणीच्या फोडणीचे पिठले, चौथ्याचे सुक्या मासळीचे कालवण, आणि पाचव्याचे केशर घालोन आटविलेले दूध. ही ताटे आम्हांस दुपारी मिळाली असती तर जन्माचे सार्थक जाहले असते. परंतु पहाटे, उपाशी पोटी, आणि दिवस राहिलेल्या बाईस! पहिल्याच पहाटे रश्श्याचे झाकण निघाले, आणि मळमळ नामे गनीम, जो तोवर लहानसहान चकमकी करीत होता, तो सारी फौज घेवोन चालोन आला. आधी तोंडास पाणी सुटले, मग घशाशी आंबट आले, मग बाईसाहेबांनी पदर तोंडाशी धरिला आणि डोळ्यांनी तस्ताकडे खूण केली, आणि दासीने तस्त पुढे करेतो गनीम दरवाजा फोडोन बाहेर पडलाही होता. एवढ्यावर शहाण्या माणसांनी ताटे उचलोन घरी जावे की नाही? परंतु पिराजी खडतरे पडद्याबाहेरून बोलिले, "घास गेला तसा परत आला. म्हणजे पोचला कुठं? पुन्हा घ्यावा लागेल." आणि बाकीच्या चौघांनी माना डोलविल्या.

मग जी गंमत जाहली ती लिहिताना हसावे की संतापावे हे आजही आमचे आम्हांस कळत नाही. बाईसाहेबांनी पाच घास पुन्हा घेतले, पाचही पुन्हा आले, आणि मानकऱ्यांत तंटा लागला की कोणाचा घास आधी परतला. रणनवरे म्हणत आमचा रस्सा सर्वांत शेवटी बाहेर आला. खडतरे म्हणत, छे, लापशी शेवटी आली, म्हणजे ती अधिक वेळ पोटी राहिली, यास्तव आमचे घर थोरले. चौथ्या घरचे बोलिले की मासळीचा वास अजून दरवळतो आहे, म्हणजे ती गेलीच नाही. ऐसे शब्दास शब्द वाढोन तलवारींच्या मुठींवर हात गेले. आणि यातोन त्यांनी जो निष्कर्ष काढिला तो दुसऱ्या कोणत्याही मुलखातील माणसांस सुचला नसता. ते म्हणाले, हलका घास तरंगतो, म्हणोन वर येतो, जड घास तळाशी बसेल. मग दुसऱ्या दिवसापासोन रश्श्यावरचा तवंग बोटभराचा दोन बोटे जाहला, लापशीत तूप दुप्पट पडले, पिठल्यात लसूण मुठीने गेली, आणि पाचही घरे एकमेकांवर कुरघोडी करू लागली. गनिमास याहून चांगले मित्र कोठे मिळणार!

ऐसा वेढा रोजचा जाहला. पहाटेचा चौघडा झडला की बाईसाहेबांचे पोट ढवळू लागे, ताट दिसायचीही गरज राहिली नाही. तीन चौक पलीकडे मुदपाकखान्यात मोहरी तडतडली तरी त्या नाकास पदर लावीत. जी उदबत्ती आवडीने लावीत तीच नकोशी जाहली. लोक त्यांस पुसत, "बाईसाहेब, डोहाळे काय लागले?" आणि त्या म्हणत, "मला कोणी काही खायला सांगू नये, हाच डोहाळा." हसू आटले. हातातल्या बांगड्या सैल जाहल्या. धुंडिराजशास्त्री यांनी पहिल्या दिवसापासोन विनंती केली की हे पहाटेचे जड घास बंद करावे, नाजूक दिवस आहेत, दोन-अडीच महिने गेले की ओकारी बहुधा आपली आपण थांबते, तोवर पोटास सोसेल तेच द्यावे. त्याजवर आऊसाहेब खिडकीकडे पाहत बोलिल्या, "शास्त्रीबोवा, घास मोडला तर घरं मोडतील. तिनं सोसलं पाहिजे." आणि शास्त्री बिचारे उपरणे झटकोन निघोन जात. बाईसाहेब काही बोलत नसत, कारण बोलण्यासाठी तोंड उघडावे लागते आणि ते त्यांस परवडत नव्हते.

इतक्यात दसरा जाहला, नद्या उतरल्या, आणि पलीकडच्या मुलखातील शत्रू नदी ओलांडावयाच्या उताराच्या दिशेने सरकत असल्याची खबर आली. हा खरा शत्रू, घोड्यांचा आणि भाल्यांचा, मळमळीचा नव्हे. हैबतराजे खाशा स्वारांनिशी तडक निघाले आणि पाच घरांस हुकूम केला की मागोमाग यावे. तो पाचही घरे खाली मान घालोन उभी! सुभानजी बोलिले, "राजे, आमी येनारच. पर तुमी रनात निघालाय. देव न करो, काही कमीजास्त झालं, तर गादीवर पोटातला जीव. त्याच्या पोटात आमचा घास अजून ठरला न्हाई. त्यो आमचा की न्हाई ह्ये ठरल्याबिगार घरातली मानसं घोडं सोडंनात." राजांस राग अनावर जाहला, परंतु वेळ नव्हता. ते राणीवशाच्या दाराशी आले आणि बाईसाहेबांस म्हणाले, "मी यांच्या भरवशावर जात नाही. तुम्ही तेवढं स्वतःला जपा." आणि बाईसाहेबांनी मान हालविली, आणि घोड्यांच्या टापा दूर गेल्या तेव्हा त्यांच्या डोळ्यांस धार लागली. तेही आम्ही दासीकडून ऐकिले.

त्याच दुपारी धुंडिराजशास्त्री बाईसाहेबांस पाहोन बाहेर आले ते कपाळाचा घाम पुसत, आणि आऊसाहेबांपुढे उभे राहोन बोलिले, "आऊसाहेब, आता स्पष्ट सांगतो, रागवायचं तर रागवा. पहाटेची मळमळ बहुतेक बायकांना होते आणि जाते, हे मीच तुम्हांला सांगितलं होतं. पण कालपासून बाईसाहेबांच्या पोटात पाण्याचा घोटही ठरत नाही. जीभ कोरडी पडली आहे, लघवी थोडी आणि गडद होते, उठल्या की डोळ्यांपुढे अंधारी येते. हे आता नेहमीचं ओकणं राहिलं नाही. आणखी एकदोन पहाटा अशा गेल्या तर पुढचं माझ्या हाती नाही." आणि आतोन पलंगावरून बाईसाहेबांचा क्षीण आवाज आला, "शास्त्रीबोवा, माझं मूल?" शास्त्री दाराशी गेले आणि म्हणाले, "मूल आईकडून हवं ते ओढून घेतं, बाईसाहेब. पण आईकडे काही उरायला हवं ना." बाईसाहेब म्हणाल्या, "मग माझ्या पोटात काय राहील?" शास्त्री म्हणाले, "जे कोरडं, थंड आणि बिनवासाचं. थोडं थोडं. आणि सकाळी डोकं उशीवरून उचलायच्या आधी. पहिल्या दिवसापासून हेच सांगतो आहे, पण ते कोणाच्याच मानात बसत नाही." तेव्हा बाईसाहेब कितीएक दिवसांनी हसल्या, बारीक का होईना, पण हसल्या, आणि बोलिल्या, "आजपासून माझ्या मानात बसतं. मुदपाकखान्यातली फोडणी बंद करा. उदबत्त्या, अत्तरं, फुलं सगळं बाहेर न्या, खिडक्या उघडा. आणि पहाटे दार लावून घ्या. मी सांगेन तेव्हाच उघडायचं." हा हुकूम सुटला, आणि मुदपाकखान्याचा मुख्य आचारी पळी टाकोन रडला, आणि आम्ही सर्वांनी बिनफोडणीचे गार वरण खाल्ले. दौलतीसाठी आम्ही काय काय सोसले हे कोणी तरी लिहून ठेवावे म्हणोन येथे लिहिले आहे.

आता त्या पहाटेचे युद्ध ऐका! चौघडा झडला. बाईसाहेब जाग्या जाहल्या, परंतु हलल्या नाहीत, डोके उशीवर तैसेच. दासीने ज्वारीच्या दोन लाह्या ओठांशी नेल्या. बाईसाहेबांनी त्या हळूहळू चावल्या आणि गिळल्या. गनीम खडबडोन उठला आणि घशापर्यंत धावत आला! दाराबाहेर शास्त्री, "नाकाने श्वास घ्या, सावकाश, घाई नाही," ऐसे म्हणत उभे, आणि आऊसाहेब जपमाळ हाती घेवोन मणी ओढायचे विसरलेल्या. गनीम थांबला. आणि मागे सरला! मग आणखी दोन लाह्या, आणि मग काही वेळ नुसते पडोन राहणे, आणि मग लिंबू, मीठ, खडीसाखर घातलेले गार पाणी, पेल्याने नव्हे, पळीपळीने. एक पळी गेली, राहिली. दुसरी राहिली. तिसरी तस्तात आली. दासीचा चेहरा उतरला, परंतु शास्त्री बोलिले, "येऊ द्या. थोडं थांबा आणि पुन्हा पहिल्यापासून." मग पुन्हा पहिली पळी. मग जिभेवर मीठ लावलेला आल्याचा बारीक तुकडा. मग पुन्हा पळी. आणि खिडकीतून ऊन पलंगाच्या पायाशी आले तोवर एक वाटी पाणी आणि मूठभर लाह्या पोटात गेल्या आणि पोटातच राहिल्या! एक वाटी पाणी! मोठमोठे गड घेतल्याच्या खबरा आम्ही लिहिल्या आहेत, परंतु या वाटीची खबर चौकाचौकातोन धावत देवडीवर आली तेव्हा आम्ही लेखणी टाकोन उभे राहिलो आणि पहारेकऱ्यास मिठी मारिली.

परंतु बंद दारापुढे पाच मानकरी आपली झाकलेली ताटे घेवोन पहाटेपासोन उभे होते, आणि त्यांचा पारा चढत होता. पिराजी म्हणत होते, "आमच्या ताटापुढं दार लावलं! हा घराचा अपमान आहे." ऐशात धुळीने माखलेला जासूद घोड्यावरून जवळजवळ पडतच उतरला आणि ओरडला, "शत्रूनं उतार गाठला! राजे अलीकडच्या काठावर थोड्या माणसांनिशी उभे आहेत. पाच घरांचे घोडे आत्ता निघाले नाहीत तर उद्या निघून उपयोग नाही!" सुभानजी दाराशी गेले, आणि त्यांचा तो वेशीवर पोचणारा आवाज त्या दिवशी कापत होता. ते बोलिले, "बाईसाहेब, धन्यासाठी जीव तुटतोय माझा. पर उद्या धनी ऱ्हायला न्हाई तर आमी कुनाचं? येवढं म्हना, घास पोचला. ह्या पावली घोड्यावर बसतो."

आत आऊसाहेब पलंगाशी वाकल्या आणि कुजबुजल्या, "म्हण पोचला म्हणून. कोण बघायला येतंय?" बाईसाहेबांनी त्यांच्याकडे टक लावोन पाहिले. राजे तिकडे काठावर उभे, आणि एक खोटा शब्द बोलताच घोडे सुटणार होते! कोणास मोह होणार नाही? परंतु त्या म्हणाल्या, "आज म्हणेन. उद्या पुन्हा पाच ताटं येतील. परवाही येतील. आणि माझ्या सुनेपुढंही येतील. नाही, आऊसाहेब. दार उघडा. आणि पडदाही सारा." दासी घाबरली, परंतु तिने पडदा सारिला. तोवर त्या पाचांनी पडद्याआडचा ओकारीचा आवाज रोज ऐकिला होता, ओकणारी बाई एकदाही पाहिली नव्हती. ती आता दिसली. डोळे आत गेलेले, गालांची हाडे वर आलेली, ओठांस भेगा. बाईसाहेबांनी हात वर केला तो बांगड्या घसरत कोपरापर्यंत गेल्या. "सुभानजीकाका," त्या बोलिल्या, "नीट पाहा. तुमच्या घासांनी माझी ही गत केली आहे. एकही पोचला नाही. आणि यापुढं मी एकही घेणार नाही. माझ्या पोटाला सोसेल तेच खाईन, मग ती लाही का असेना. माझं मूल तुमचा धनी व्हायच्या आधी जगलं पाहिजे. आता तुम्हांला जायचं तिकडं जा." मग पिराजी खडतरे यांनी ताट खाली ठेविले आणि पाठ फिरविली, आणि बाकी तीन घरांचे लोक एकमेकांकडे पाहोन पाय उचलू लागले. दौलत तेथेच मोडली ऐसे आम्हांस वाटले.

तेव्हा आऊसाहेब बाहेर आल्या. त्या उंबरठ्यावर उभ्या राहिल्या, डोईवरचा पदर सावरिला आणि बोलिल्या, "पिराजी, थांब. जाण्याआधी माझं ऐक, आणि मग सगळेच जा. हैबत पोटात होता तेव्हा तुमचे वाडवडील अशीच ताटं घेऊन याच दाराशी यायचे. आणि मी पडद्याआड घास घ्यायची, पदरात ओकायची, आणि बाहेर सांगायची की पोचला. रोज. सगळे घास. ज्या हैबतला तुम्ही धनी म्हणता त्याच्या पोटात तुमच्या घरचं शीत नाही गेलं. मी घाबरले होते म्हणून खोटं बोलले, आणि त्याच भीतीनं या पोरीला रोज ओकताना पाहिलं. आता सांगा. तो तुमचा धनी नाही का?"

जे घोडे आज अडले होते ते आता कायमचेच जातील की काय, ऐसी वेळ येवोन ठेपली. सुभानजींनी आपल्या रिकाम्या बाहीकडे पाहिले. मग बोलिले, "आऊसाहेब, ह्यो हात पडला त्या दिशी मला कुनाचा घास याद न्हवता. म्होरं राजं व्हतं, त्येंच्यावर तलवार उगारलेली दिसली, आन् म्या हात घातला. येवढंच." मग ते वळले, आणि आम्ही त्यांस एरवी कधी पाहिले नाही तैसे त्यांचे डोळे भरले होते, आणि ते बाईसाहेबांस बोलिले, "पोरी, लाह्या खाती का तू?" बाईसाहेब म्हणाल्या, "हो, काका." सुभानजी म्हणाले, "आमच्या घरच्या धाडू?" "धाडा," त्या म्हणाल्या, "पण कोरड्या. आणि हा रस्सा तुमच्या शिपायांना वाढा. त्यांना आज लांब जायचं आहे." आणि मग काय वर्णावे! चौकात एकच हलकल्लोळ उडाला! पाचही ताटांवरची झाकणे निघाली, शिपाई उभ्या उभ्या भाकरी रश्श्यात बुडवोन खाऊ लागले, कालवण पिठल्यात गेले आणि दूध मासळीवर गेले आणि कोणी नाक मुरडिले नाही, आणि पिराजी खडतरे, ज्यांनी पाठ फिरविली होती, ते परत आले, आपली लापशी स्वतः बकाबका खाल्ली, मिशीचे तूप बाहीस पुसले आणि सर्वांआधी रिकिबीत पाय घातला. दरवाजातोन पाच घरांचे घोडे सुटले, आणि "हर हर महादेव" ऐसी गर्जना उठली, आणि आत शास्त्रीबोवांनी घाईघाईने खिडकी लाविली, कारण रश्श्याचा वास वाऱ्याने तिकडे चालला होता.

लढाईचे वर्तमान थोडके आहे. दिवस कलताना पाच घरांची धूळ काठावर दिसली, शत्रू निम्म्या पाण्यात आला होता, त्याने राजांकडे पाहिले, धुळीकडे पाहिले आणि घोडे फिरविले. दोन दिवसांनी हैबतराजे परत आले ते चौकात उडी टाकोन, जिरेटोप हातात, तडक बाईसाहेबांच्या दाराकडे धावले, आणि आतोन आवाज आला, "तिथंच थांबा!" राजे जागीच खिळले आणि म्हणाले, "काय झालं?" बाईसाहेब म्हणाल्या, "घोडा, घाम, बंदुकीची दारू, आणि वाटेत लसणीची चटणी खाल्लीत. आधी आंघोळ." ज्यांस शत्रूची फौज पाऊलभर मागे सारू शकली नाही ते राजे निमूट माघारी फिरले आणि आडावर जावोन डोईवर घागरी ओतू लागले, आणि आऊसाहेब पदर तोंडास लावोन हसत होत्या, आणि हसता हसता रडत होत्या. मग ओल्या केसांनी राजे पलंगाशी बसले आणि रणनवऱ्यांच्या घरच्या लाह्या एकेक करोन त्यांस भरवू लागले.

एकूण सार ऐसे. गनीम एका पहाटेत नाहीसा जाहला, ऐसे कोणी समजू नये. त्यानंतरही बाईसाहेब कितीएकदा ओकल्या, काही दिवस बरे गेले, काही वाईट, एकदा शास्त्रीबोवांस भर जेवणातोन उठोन धावावे लागले. परंतु पाणी पोटात राहत गेले, आणि पौषात एका सकाळी बाईसाहेबांनी आपण होवोन गरम भात आणि मेतकूट मागितले, आणि सारे खाल्ले, आणि मुदपाकखान्यात बऱ्याच दिवसांनी मोहरी तडतडली. वैशाखात कन्या जन्मली, काळीसावळी, धडधाकट, आणि रडण्यात सुभानजींस मागे टाकील ऐसी. पाचही घरे मुजऱ्यास आली आणि हिच्या पोटात कोणाचा घास गेला हे कोणीही पुसले नाही. मानाचा घास त्या दिवसापासोन सरला ऐसे मात्र नव्हे. पुढे त्या वाड्यात जिला जिला दिवस राहिले तिच्या दाराशी पाच मानकरी येतच राहिले, परंतु रिकाम्या हाताने, उजाडल्यावर, पायतणे दूर काढोन, आणि थोरला मानकरी बाहेरूनच हळू आवाजात विचारी, "बाईसाहेब, आज पोटात काय राहतं?" आणि ती जे सांगे ते आणावयास पाचही जण धावत सुटत.